शिजतं पाणी

कॉलेजच्या खानावळीतल्या आचाऱ्यानं आमची पाच पातेली पाहिली आणि कपाळाला हात लावला.

“बाई, अख्ख्या संमेलनाचा स्वयंपाक माझ्या बोडक्यावर आहे. त्यात तुमची ही चूल कशाला?”

“खायाची डाळ नाई, भाऊ. दाखवाची हाये,” पंचफुलाबाई म्हणाली.

“मग कुकर देतो. तीन शिट्ट्यांत मोकळ्या व्हाल.”

“कुकरात गोटाबी शिजन. त्याच्यात पाण्याची काय परीक्षा?”

आचारी हसला. त्यानं लांबट भट्टीची एक बाजू रिकामी करून दिली. आम्ही पाचही पातेली ओळीनं मांडली. प्रत्येकात तूरडाळ एकाच मापट्याची, एकाच पोत्यातली. पाणी मात्र वेगवेगळं. गावातल्या पाच ठिकाणांहून भरलेले पाच डबे आम्ही एस.टी.तून मांडीवर घेऊन नागपूरपर्यंत आणले होते. कंडक्टरनं विचारलं होतं, गंगाजल आहे का म्हणून.

पंचफुलाबाईची नात वेणू पिठाच्या पोत्यावर बसून सगळं पाहत होती. सात-आठ वर्षांची पोर, बडबडी. आचाऱ्यानं तिला जिलबीचा तुकडा दिला आणि मग त्याची नजर तिच्या पायांवर गेली. दोन्ही पाय गुडघ्यापासून बाहेर वाकलेले, धनुष्यासारखे. त्यानं नजर काढून घेतली आणि उगाच पेला विसळून पाण्यानं भरला.

“घे बेटा, पाणी पी.”

“नोको, नोको,” पंचफुलाबाई धावलीच. “तिले इथलं पाणी नोको देऊ, भाऊ. तिचं पाणी म्या घरून आणलं हाये.”

वेणूनं मांडीवरची बाटली उचलून त्याला दाखवली. “माहं शिजतं पाणी,” ती म्हणाली, आणि हसली तेव्हा तिचे तपकिरी पट्टे पडलेले दात दिसले.

ही गोष्ट जुनी आहे. तेव्हा माझे केस काळे होते आणि मला वाचता येऊन फार दिवस झाले नव्हते. मी नाल्यापलीकडच्या पोडावरची, म्हणजे आमच्या आदिवासी वस्तीवरची, कोलामीण. गावात बांबूच्या टोपल्या विकायला यायची. पंचफुलाबाई आवारीच्या ओसरीवर ढुमणे गुरुजी मोठ्या बायकांचा वर्ग घेत. मी पायरीवर टोपल्या मांडून बसे आणि कान फळ्याकडे असत. एक दिवस पंचफुलाबाई म्हणाली, “भिमे, चोरून काहून आयकतं? वर येऊन बस ना.” मी वर जाऊन बसले. त्या एका पायरीचं ऋण माझ्यावर आहे, ते मी अजून मानते. वर्ग सुटल्यावर सगळ्यांना चहा मिळे. माझा कप वेगळा होता. पिऊन झाला की मी तो धुऊन वळचणीला पालथा घालत असे. त्याचं मला काही वाटत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. जग तसंच होतं.

गावात पोरांचे दात पिवळे पडत. काही पोरांचे पाय चालायला लागल्यावर वाकत. म्हाताऱ्यांच्या माना अशा आखडत की मागून हाक मारली तर सगळं अंग वळवून पाहावं लागे. कुणी म्हणे देवीचा कोप, कुणी म्हणे ग्रहणात पोटुशीनं विळी धरली. वेणूच्या आईनं हे इतकं ऐकलं की ती माहेरी गेली ती आलीच नाही. पंचफुलाबाईही सुरुवातीला सुनेला ग्रहणावरूनच बोलली होती. पण वर्गात गुरुजी एकदा म्हणाले, “कारणाशिवाय काही होत नसतं. कारण हुडकावं लागतं.” हे वाक्य इतर बायकांनी पाटीवर लिहून पुसलं. पंचफुलाबाईनं पुसलं नाही.

तिनं कारण चुलीपाशी हुडकलं. “पाह्य,” ती म्हणाली, “विहिरीच्या पाण्यानं पातेल्याच्या बुडाले पांढरा थर बसते का नाई? तोच थर गुडघ्यात बसत असन. जे पाणी डाळ शिजवत नाई, ते पोटात काय शिजवन?”

मला पटलं. गुरुजींना पटलं. जिनं जन्मभर रांधलंय अशा कोणत्याही बाईला पटलं असतं. विहिरींचं पाणी जड, डाळ त्यात गोट्यासारखी टणक राहायची. मारुतीच्या देवळामागं सरकारनं खोल बोअर मारून हापसा बसवला होता, त्याच्या पाण्यात मात्र डाळ लोण्यासारखी विरघळायची. त्याला गावानं नावच दिलं होतं, शिजतं पाणी. बोअर झाल्यापासून सगळे तेच पीत, पण हापसा बिघडला किंवा रांग मोठी असली की विहिरीचंही पीत. मग ज्याचं दुखे तो विहिरीला शिव्या देई.

वर्गाच्या बायकांनी घरोघर जाऊन विचारलं. गावाचा मोठा नकाशा मी काढला. टोपली विणणाऱ्या हाताला रेघ जमते. ज्या घरात पाय वाकलेलं पोर, त्या घरावर पंचफुलाबाई कुंकवाचं बोट टेकवी. नकाशा नाल्यापर्यंत आला आणि कागद संपला. पलीकडे पोड होतं. दुसरा कागद जोडावा असं कुणाला वाटलं नाही. नकाशा काढणारी मी, मलाही वाटलं नाही.

मग तिनं गावाला विहिरी सोडायला लावल्या. थोरल्या विहिरीवर बाभळीच्या फांद्या पडल्या, हळूहळू लोक तिच्यात केरकचरा टाकायला लागले. वेणूच्या तोंडी तर बोअरशिवाय दुसऱ्या पाण्याचा थेंब जाऊ देत नव्हती. लग्नाला गेली तरी बाटली बरोबर. उन्हाळ्यात हापसा दम टाकायचा, तेव्हा ही तासन्‌तास उभी राहून फक्त वेणूपुरती कळशी भरायची. ती पितळी कळशी घरात दुसऱ्या कुणी शिवायची नाही. स्वतः नाल्याच्या वाळूतला झिरा उपसून प्यायची.

हौशी संशोधकांचं संमेलन नागपूरला आहे, हे गुरुजींनी पेपरात वाचलं आणि चिठ्ठी टाकली. बोलावणं आलं तेव्हा गावानं थट्टा केली. “डाळ शिजवाले नागपूरले चालली, पंचफुलाबाई? इथं सरपण संपलं काय?” तिला त्याचं काही नव्हतं. बक्षिसाचंही नव्हतं. एस.टी.त तिनं मला कानात सांगितलं, “कारण तं आपून हुडकलं, भिमे. औषध त्याइले ठाऊक असन. एवढे शिकेल लोक येतेत, एकजण तरी सांगन, पाय सरळ कसे करायचे ते.” म्हणून वेणूला बरोबर आणलं होतं.

सभागृह मोठं होतं. आमच्या आधी एक निवृत्त पोस्टमास्तर मुंग्या अंडी कधी हलवतात यावर बोलले. घंटा वाजली तरी ते थांबेनात. शेवटी अध्यक्ष म्हणाले, “साहेब, उरलेल्या मुंग्या पुढच्या वर्षी.” लोक हसले, पोस्टमास्तरही हसले. पंचफुलाबाईचं नाव पुकारलं गेलं तेव्हा लोक अजून हसतच होते.

ती घाबरली नाही. तिनं टेबलावर पाच वाट्या मांडल्या. मी नकाशा दोन्ही हातांनी धरून उभी राहिले. वेणू पहिल्या रांगेत गुरुजींजवळ बसली.

“माहं नाव पंचफुला आवारी,” ती म्हणाली. “मले नाव लिवता येते, बाकी वाचाचं काम हे भिमी करते. म्या जे सांगन ते चुलीपाशी पाह्यलेलं हाये. खोटं वाटन तं या, डाळ बोटात धरून पाह्यजा.”

लोक खरंच उठून आले. एकेका वाटीतला दाणा चिमटीत दाबून पाहू लागले. शेवटच्या वाटीत बोट घातलं की दाणा सापडतच नसे, नुसता गर. एक कोट घातलेले गृहस्थ बोट चाटून म्हणाले, “मीठ राहिलं, बाई.” ती म्हणाली, “मीठ टाकलं असतं तं तुमी परीक्षाच खाऊन टाकली असती.” टाळ्या पडल्या. तिनं कुंकवाच्या टिपक्यांविषयी सांगितलं, पातेल्याच्या थराविषयी सांगितलं, गुडघ्याविषयी सांगितलं. शेवटी तिनं वेणूकडे बोट दाखवलं. “हे माही नात. हिच्यासाठी म्या हे केलं.” पुन्हा टाळ्या. गुरुजी डोळे पुसत होते.

अध्यक्ष म्हणाले, कुणाला प्रश्न?

मधल्या रांगेतून एक बाई उभ्या राहिल्या. पांढरे केस, साधी सुती साडी. जमिनीखालच्या पाण्याचा अभ्यास करणाऱ्या पांगारकर मॅडम, असं अध्यक्षांनी सांगितलं. त्या वाट्यांपाशी आल्या नव्हत्या. मघापासून त्या वेणूकडे पाहत होत्या.

“पंचफुलाबाई, फार नेटकं काम केलंत. एक विचारते. तुमचा नकाशा नाल्यापाशी संपतो. नाल्याच्या पलीकडे काय आहे?”

“पलीकडं काई नाई, मॅडम. रान हाये. अन् पोड.”

“पोडावर माणसं राहतात ना?”

“रायतेत ना. कोलाम. हे आमची भिमी तिथलीच.”

“त्यांना बोअरचं पाणी मिळतं?”

“नाई. त्याइची विहीर हाये. ते तेच पितेत.”

मॅडम माझ्याकडे वळल्या. “भिमाबाई, तुमच्या विहिरीच्या पाण्यात डाळ शिजते का हो?”

एवढ्या माणसांसमोर मी तोवर तोंड उघडलं नव्हतं. “नाई शिजत,” मी म्हणाले. “गोट्यावानी रायते. आमी कण्या खातो, डाळ कमीच करतो.”

“आणि तुमच्याकडे किती मुलांचे पाय असे वाकलेत?”

पंचफुलाबाई माझ्याकडे पाहत होती. वर्गात मी अडखळले की जशी पाहायची, तशीच. सांग, भिऊ नको. तिला वाटत होतं मी तिच्या बाजूचंच काहीतरी सांगणार आहे. मला पाण्यातलं काही कळत नव्हतं. पण तिनं मांडलेलं सगळं आता माझ्या जिभेवर येऊन टेकलंय, एवढं कळलं.

“कोणाचेच नाई,” मी म्हणाले.

“दात पिवळे?”

“नाई, मॅडम.”

मागून कुणीतरी तरुण पोरगा मोठ्यानं म्हणाला, “म्हणजे सगळं उलटंच की!” आणि सभागृहात हशा पिकला. मघाशी मुंग्यांना हसले होते, तसाच. वाईट मनानं नव्हे.

पंचफुलाबाईचा चेहरा अजून हसराच होता, नुसता थांबला होता. “त्याइचं सोडा, मॅडम,” ती म्हणाली. “ते रानातले लोक. हाडानं काटक. त्याइचं अन् आमचं सारखं कसं होईन?”

“हाडं सारखीच असतात, बाई,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

घंटा वाजली.

दुपारी मॅडम आम्हाला त्यांच्या प्रयोगशाळेत घेऊन गेल्या. पाण्याचे डबे तिथं आणायला सांगितले. जाताना त्या गुरुजींना म्हणाल्या, “मी सभेत काही बोलले नाही. तपासल्याशिवाय बोलू नये.”

त्यांनी काचेच्या पाच नळ्या एका लाकडी घोडीत उभ्या केल्या. प्रत्येकीत एकेक पाणी ओतलं आणि वरून एका बाटलीतले थेंब सोडले. “पाणी गुलाबी राहिलं तर ठीक,” त्या म्हणाल्या. “पिवळं पडलं तर त्यात फ्लोराईड आहे. खोल दगडातून पाण्यात उतरणारा क्षार आहे तो. डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही. जास्त झाला की दातांत आणि हाडांत शिरतो.”

आम्ही पाहत उभे होतो. वेणू टेबलाच्या कडेला हनुवटी टेकून पाहत होती. थोरल्या विहिरीचं गुलाबी राहिलं. शाळेच्या विहिरीचं गुलाबी. शेतातल्या विहिरीचं, झिऱ्याचं, गुलाबी. पाचवी नळी बघता बघता पिवळी झाली. हळदीचं पाणी जसं.

मॅडम पंचफुलाबाईकडे वळल्या. “तुमचं पाहणं चुकलेलं नाही, पंचफुलाबाई. ज्या पाण्यात चुना कमी, त्यात डाळ छान शिजते. आणि बहुतेकदा चुना कमी असतो तिथंच हा क्षार जास्त विरघळतो. तुमच्या वाट्यांची ओळ बरोबर आहे. फक्त उलट्या टोकाकडून वाचायची.”

गुरुजी स्टुलावर बसले. “मॅडम,” ते म्हणाले, “आम्ही विहिरी बंद करायला लावल्या हो.”

पंचफुलाबाईनं त्यांच्याकडे पाहिलंही नाही. ती वेणूकडे गेली आणि तिच्या हातातली बाटली काढून घेतली. मॅडमसमोर धरली.

“हेबी पाह्यजा.”

“अहो, ते त्याच हापशाचं आहे,” गुरुजी म्हणाले.

“पाह्य म्हणते ना!”

मॅडमनी सहावी नळी घेतली. थेंब सोडले. तीही पिवळी झाली.

“आजी,” वेणू म्हणाली, “माहं पाणी पिवळं कसं झालं व?”

पंचफुलाबाईनं तिला जवळ ओढलं आणि तिचं डोकं पोटाशी धरलं, नळ्या दिसणार नाहीत असं. आणि जो प्रश्न विचारायला ती एवढ्या लांब आली होती, तो तिनं तेव्हा विचारला.

“हे पाय सरळ होतीन काय, मॅडम?”

मॅडमनी चष्मा काढून पुसला. “मी पाण्याची डॉक्टर आहे, माणसांची नाही. मोठ्या दवाखान्यात दाखवा, मी चिठ्ठी देते. पाणी आजपासून बदला. दूध द्या, पालेभाजी द्या. पुढचं वाकणं थांबेल. पण जे झालंय ते पहिल्यासारखं होईल असं खोटं मी सांगणार नाही.”

“लहान असती तं?”

“लहान म्हणजे?”

“पाय टेकून उभी रायत होती तवा. तवा पाणी बदललं असतं तं?”

मॅडम वेणूच्या केसांवरून हात फिरवत राहिल्या. “तेव्हा बदललं असतं तर,” त्या म्हणाल्या, “हे पाय वाकले नसते.”

पंचफुलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. फक्त एकदा.

संध्याकाळी बक्षिसं वाटली. आमचंही नाव पुकारलं गेलं म्हणतात, उत्तेजनार्थ काहीतरी होतं. आम्ही तोवर एस.टी. स्टँडवर आलो होतो. वेणूला तहान लागली होती. ती रडत होती, माझं पाणी द्या म्हणत होती. पंचफुलाबाईनं स्टँडच्या नळाखाली ओंजळ धरली आणि तिला पाजलं. वेणूनं आजीच्या तोंडाकडे पाहून दोनदा विचारलं, “पिऊ? खरंच पिऊ?”

गाडी उमरेडच्या पुढं गेल्यावर वेणू झोपली. रिकामे डबे पायांशी खडखडत होते. गुरुजी पुढच्या बाकावर खिडकीला डोकं टेकून बसले होते.

“तू मले सांगतलं होतं,” पंचफुलाबाई म्हणाली.

ती विसरली असेल असं मला वाटत होतं.

वेणू तेव्हा जात्याचा खुंटा धरून उभी राहायला शिकत होती. मी सुपं घेऊन गेले होते. पोरीच्या पिंढऱ्यांना किंचित बाक दिसत होता, नव्या बांबूला असतो तेवढा. पंचफुलाबाई तिला तेल चोळत होती. मी सहज म्हणाले, “बाई, पोडावर कोणाच्या लेकराचे असे नाई होत. आमच्या विहिरीचं पाणी पाजून पाह्य ना पोरीले.” त्यात काही शहाणपण नव्हतं. आपल्या घरचं चांगलं असतं ते दुसऱ्याला द्यावं, तेवढंच. तिनं तेलाचा हात थांबवला आणि हसली. “कोलामाच्या विहिरीचं? काय व भिमे, मले वाळीत टाकतं काय?” रागानं नव्हे, थट्टेनं. मीही हसले. आमच्याकडचा मध गावाला चालायचा, डिंक चालायचा, टोपल्या चालायच्या. पाणी चालत नव्हतं. हे दोघींनाही माहीत होतं, म्हणून दोघीही हसलो.

“तवा कोणालेच ठाऊक नव्हतं, बाई,” मी म्हणाले.

“म्या हासली,” ती म्हणाली.



दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या विहिरीवर बायका पाणी शेंदत होत्या. बोलता बोलता त्या एकदम गप्प झाल्या. मी वळून पाहिलं. पंचफुलाबाई नाला ओलांडून वर येत होती. कडेवर वेणू, डोक्यावर ती पितळी कळशी, जिला घरात कुणी शिवत नसे. गावातली कोणतीही बाई त्या विहिरीवर त्याआधी आली नव्हती. ती काठाशी येऊन उभी राहिली. वेणूला खाली ठेवलं. कळशी माझ्यासमोर धरली.

“भर,” ती म्हणाली.

मी पोहरा सोडला, शेंदला, ओतला. माझी बोटं कळशीच्या काठाला लागली. तिनं ती पाहिली आणि कळशी जरा आणखी पुढं केली. वेणूनं ओंजळ धरली, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं.

“आजी, हे गोड नाई.”

“नाई ना,” पंचफुलाबाई म्हणाली. “पे.”

गावानं ऐकलं नाही. हे सांगायला मला आनंद होत नाही. ती दारोदार गेली, हात जोडले. लोक म्हणाले, “काल हापशाचं पाणी अमृत होतं, आज जहर झालं. उद्या काय सांगशीन?” तिचंच बोलणं त्यांनी तिच्यापुढं ठेवलं. जे तिनं पटवून दिलं होतं, ते तिला आता कुणाच्या डोक्यातून काढता येईना. डाळ कुणाच्याही डोळ्यांना दिसत होती. क्षार दिसत नव्हता. पुढं मॅडमच्या पत्रावरून सरकारी माणूस आला, पाणी तपासून त्यानं हापशाला लाल रंग लावला. दोन पावसाळ्यांत रंग उडाला. थोरली विहीर उपसायची म्हणून तिनं बायका जमवल्या, तर उपसायला ती, मी आणि गुरुजी. गुरुजींचं वय झालेलं. कमरेइतका केर निघाला आणि गुरुजी अंथरुणाला लागले. मग ते राहिलंच.

तिच्या मुलानं, वेणूच्या बापानं, वर्षाच्या आत चूल वेगळी केली. “रोज गोटे खाऊ काय?” म्हणाला. पंचफुलाबाई आणि वेणू एका चुलीवर राहिल्या. ती रोज नाला ओलांडून यायची. पावसाळ्यात नाल्याला पूर आला तर माझा नवरा कावडीनं पोचवून द्यायचा. गाव तिला कोलामीण म्हणू लागलं. तिच्या ओसरीवर वर्ग पुन्हा भरला नाही, पण मी जायची. एक दिवस चहा झाल्यावर कप वळचणीला पालथा घालायला गेले, तर तिनं तो माझ्या हातातून घेतला आणि आपल्या कपाबरोबर विसळून फळीवर ठेवला.

मोठ्या दवाखान्यात वेणूला दोनदा नेलं. थोडा फरक पडला, फार नाही. ती शिकली. चालते, पण डुलत चालते, आणि मांडी घालून बसता येत नाही. भरली कळशी तिला कधी डोक्यावर घेता आली नाही.

पंचफुलाबाई गेली तेव्हा वेणू बावीस-तेवीसची होती. मुलानं तेरवी मोठी केली. मेल्यावर आईचा मान ठेवतात तशी. अंगणात मांडव घातला, सगळा गाव पंगतीला. पोडावरून मला बोलावलं होतं. वेणूसाठी पाट रचून उंच केला होता, मी तिच्या शेजारी बसले. समोर तपकिरी दातांची पोरं पत्रावळी मांडत धावत होती. त्यांतल्या दोघांचे पाय मी पाहिले आणि पुन्हा पाहिले नाहीत.

भात आला, वरण आलं. पलीकडच्या पंगतीतून कुणीतरी ओरडलं, “वा रे आचारी! वरण कसं लोण्यावानी!”

वेणूनं वरणात बोट घातलं. चिमटीत दाबून पाहिलं, तिच्या आजीनं त्या सभागृहात लोकांना दाखवलं होतं तसं. दाणा सापडला नाही. तिनं मान वळवली. मांडवाच्या मागं, देवळापाशी, मोठ्या गंज-पातेल्यांची रांग लागली होती आणि हापशाचा दांडा वरखाली होत होता.

तिनं पत्रावळ बाजूला सारली.

“काहून व?” तिचा बाप धावत आला. “आजीच्या तेरवीचा घास नाई खात? लोक काय म्हणतीन?”

“आजीनं सांगतलं हाये,” ती म्हणाली. “पोडाच्या पाण्याचं खाईन. हे नाई.”

तो वाढप्यांकडे वळला. पंगत खोळंबली होती. मी उठले आणि तिला हात दिला. तिला पाटावरून उठायला वेळ लागतो. शेजारच्या बायकांनी वाट दिली, पण एकही उठली नाही.

आम्ही नाल्याकडे चालू लागलो. ती डुलत, मी तिच्या चालीनं. मागं वाढपी पंगतीतून फिरत होता, “वरण घ्या, वरण! गरम हाये, घ्या!” आणि त्याच्या आवाजामागून हापसा ऐकू येत होता, पार नाला ओलांडेपर्यंत.